अवजड यंत्रें आणि अपुरी जागा

शेतकऱ्याच्या घरीं वाटणी झाली म्हणजे कागदावर काय उमटतें तें आम्हीं नोकरीच्या काळांत पुष्कळ पाहिलें. गट फुटतो, सातबारा फुटतो, विहिरीच्या पाण्याला पाळी लागते. परंतु वाड्यांतील यंत्रांचें काय झालें याची नोंद कोणत्याहि फेरफारांत सांपडावयाची नाहीं. १९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेंत ती १.३४ हेक्टरांवर आली. जमिनीच्या मागोमाग घर, गोठा व पडवी हींहि आंखडलीं. इंजिन मात्र अर्धें करतां येत नाहीं, आणि कडबाकुट्टीचें चाक थोरल्यास व पातीं धाकट्यास अशी वाटणी अद्याप कोणीं केलेली आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट मजूर मिळेनासा झाल्यामुळें जो तो यंत्र घेऊं लागला. पूर्वीं मोठ्या सोप्यांत एक यंत्र असे. आतां लहानशा पडवींत चार असतात.

आमचीच पडवी घ्या. वाटणींत सोपा आमच्या थोरल्या बंधूंकडे गेला व आमच्या वांट्याला बारा फूट रुंद व सोळा फूट लांब अशी पडवी आली. तींत विजेच्या मोटारीवर चालणारी कडबाकुट्टी, वडिलांच्या वेळचें एका सिलिंडरचें तेलाचें इंजिन, पिठाची चक्की आणि आमच्या पुतण्यानें अवजारांच्या दुरुस्तीसाठीं घेतलेलें भोंकें पाडण्याचें उभें यंत्र, अशीं चार धुडें आहेत. जागा मापली तर चारहि यंत्रें आरामांत बसतात. अडचण बसण्याची नसून काम करण्याची आहे. कुट्टीची बैठक अडीच फूट बाय साडेतीन फूट. पण ज्वारीचा कडबा सहा-सात फुटांचा. पेंढी सरळ घालावयाची तर तोंडापुढें आठ फूट मोकळे हवेत, आणि मागें कुट्टी पडावयास व ती पाटींत भरावयास चार फूट हवेत. म्हणजे साडेतीन फुटांच्या यंत्रास काम करतांना जवळ जवळ सोळा फूट लागतात. सारी पडवीच त्यांत संपली! तेव्हां कुट्टीच्या वेळीं कुट्टी मध्यें आणावी, आणि तें काम झालें कीं ती भिंतीला सारावी, हा एकच मार्ग राहतो. लहान जागेंतील शेतकऱ्यास यंत्र हलविल्यावांचून गत्यंतर नाहीं. तें कसें हलवावें याचा विचार मात्र आम्ही कोणीच करीत नाहीं, आणि आम्हींहि केला नव्हता.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आम्हीं गांवांतील वेल्डिंगवाल्या मिस्त्रीस बोलावून कुट्टीच्या चार पायांस चार चाकें लावून घेतलीं. चाकें तीन इंचांचीं, चारहि बाजूंस फिरणारीं, दिसण्यांत मोठीं नामी. एका बोटानें ढकलावें व कुट्टीनें गिरकी घ्यावी, हें पाहून आम्हांस धन्यता वाटली. आमच्या घरीं अठरा वर्षें राबणारा गडी तेवढा खूष नव्हता. तो म्हणाला, "अण्णा, चाकं लई बारकी हायती. मोरीपाशी फरशीच्या फटीत बसतील." आम्हीं त्यास उत्तर दिलें, "मिस्त्रीनें विचार करूनच घेतलीं असतील, तूं ढकल." हे आमचे शब्द आम्ही येथें मुद्दाम लिहीत आहों, कारण पुढें जें घडलें त्याचें मूळ चाकांत जितकें होतें तितकेंच या उत्तरांत होतें.

नवव्या कीं दहाव्या दिवशीं पुढलें एक चाक मोरीजवळच्या दोन शहाबादी फरश्यांच्या सांध्यांत अडकलें. गड्यानें रेटा दिला. चाक हललें नाहीं, यंत्राचा माथा पुढें गेला, आणि तोल सांवरण्यासाठीं तो चपळाईनें बाजूला धांवला त्याच बाजूस कुट्टी वळून कोसळली. त्याच्या उजव्या पावलाचीं दोन हाडें मोडलीं. वीज बंद होती, तरी पडतां पडतां पात्यांचें चाक आपोआप फिरलें व त्याच्या हातापासून वीतभर अंतरावरून पातें गेलें. आणखी वीतभर इकडे असतें तर आज आम्ही हा लेख लिहावयास बसलों नसतों. तोंड लपवून बसलों असतों. तीन महिने त्याचें काम बंद होतें. मजुरी व औषधपाणी आम्हीं दिलें, तें देणें आमचें कर्तव्यच होतें. शासनाचें शेतकरी अपघाताचें सानुग्रह अनुदान सातबाऱ्यावरील खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील एका माणसास मिळूं शकतें. हातचा गडी त्यांत बसत नाहीं. हा नियम आम्हीं दुसऱ्यांना अनेकदां समजावून सांगितला होता. तो आपल्या घरच्या माणसास लागू पडतो तेव्हां कसा लागतो हें आतां कळलें.

कचेरींत अशा प्रसंगांचे पंचनामे आमच्या हातांखालून गेले आहेत. "यंत्र अंगावर पडून गंभीर दुखापत" एवढी ओळ लिहिली कीं पंचांचें काम संपतें. यंत्र कां पडलें हें लिहावयास त्या छापील कागदावर रकाना नाहीं. जणूं यंत्र पडणें हा गारपिटीसारखा दैवी प्रकार आहे! आमच्या घरचा अपघात झाल्यावर आम्हीं रात्रीं पाटी-पेन्सिल घेऊन बसलों. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. त्रैराशिकाच्या पलीकडे आमची मजल नाहीं. पण ह्या प्रश्नास त्रैराशिक पुरतें.

कुट्टीचें वजन मोटारीसह सुमारें दीडशे किलो. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर वीस इंच, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजू दहा इंच. गड्याचे हात जमिनीपासून चाळीस इंचांवर टेकलेले. चाक अडलें असतां यंत्र उलटविण्यास किती जोर लागेल? दीडशेंस दहानें गुणावें व चाळीसनें भागावें. उत्तर येतें साडेसदतीस किलो. ज्वारीच्या अर्ध्या पोत्याइतकाहि हा जोर नाहीं. धडधाकट माणूस घाईंत याहून जास्त रेटा सहज देतो. बरें, येथेंच थांबत नाहीं. गरगर फिरणारें चाक आपल्या खिळीखालीं सरळ उभें नसतें, तें दीड-दोन इंच बाजूला असतें. नाहीं तर तें वळलेंच नसतें. तें आंतल्या अंगास वळलें म्हणजे दहा इंचांचे साडेआठ होतात, आणि साडेसदतीसाचे बत्तीस किलो होतात. ज्या चाकांच्या गिरकीवर आम्ही लुब्ध झालों होतों त्या गिरकीनेंच यंत्राचा पाया अरुंद केला होता. शिवाय पात्यांचें जड चाक व मोटार वरच्या अंगास असल्यामुळें साऱ्या वजनाचा मध्य तीस इंच उंचीवर होता. वीस इंचांच्या पायावर तीस इंच उंच वजन म्हणजे बुजगावण्याच्या डोक्यावर घागर.

यावरून कोणी म्हणेल कीं चाकें लावूंच नयेत. आमचें मत तसें नाहीं. चाकें नसतील तर चार माणसें बोलावून यंत्र उचलावें लागतें; चार माणसें आतां वेळेवर मिळत नाहींत; मग दोघेच उचलतात, आणि कोणाची तरी कंबर जन्माची जाते. चाकें लावावींच. परंतु चाकें हलविण्यासाठीं आहेत, उभें राहण्यासाठीं नाहींत, हा भेद पाळला पाहिजे. यंत्र हलेल तेव्हां चाकांवर असावें व चालेल तेव्हां पायांवर असावें. हा आमचा मुख्य मुद्दा आहे.

हा भेद आमच्या वाडवडिलांस ठाऊक होता. उंसाचा चरक बैलगाडींतून या शिवारांतून त्या शिवारांत जाई. पण गुऱ्हाळ लागलें म्हणजे तो गाडीवर ठेवून कोणी फिरवीत नसे. जाड ओंडक्यांस त्याला जखडीत व ते ओंडके जमिनींत गाडीत. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत वाफेचीं इंजिनें घोड्यांकडून ओढवून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर मळणीस नेत. तीं आपल्या चाकांवरच उभीं राहत हें खरें. पण खळ्यावर पोंचतांच चाकांस ठोकळे ठोकून तीं अचल केल्याखेरीज पट्टा चढवीत नसत. आमची साधी बैलगाडी सुद्धां बैल सोडल्यावर जुवाखालीं टेकू व चाकामागें धोंडा घेतल्यावांचून कोणी उभी करीत नाहीं. मग विजेच्या यंत्राच्या बाबतींतच ही अक्कल कोठें जाते?

आतां आम्हीं पुढें काय केलें तें सांगतों. मिस्त्री तोच, कारण त्याचा हात चांगला आहे. चुकलें तें सांगणाऱ्याचें. चार इंची लोखंडी चॅनेलची तीन फूट बाय तीन फूट अशी चौकट केली व तिच्या पोटांत पत्रा घालून तीन इंच जाडीचें काँक्रीट भरलें. मोजून पाहिलें तर एवढ्या काँक्रीटचें वजन दीडशे किलोंच्या घरांत जातें, म्हणजे जवळ जवळ कुट्टीइतकेंच. वजन वाढविणें हा वेडेपणा आहे असें आमच्या बंधूंनीं सुनावलें. परंतु हें वजन जमिनीलगत आहे. त्याच्या योगानें साऱ्या वजनाचा मध्य तीस इंचांवरून सतरा इंचांच्या आसपास उतरला. पूर्वीं यंत्र अठरा अंश कललें कीं पडलें असतें. आतां पंचेचाळीस अंश कललें तरी परत बसतें. आणि कुट्टी चालतांना जी थरथर होई ती या वजनानें पुष्कळशी गिळली, हा लाभ फुकटचा.

चाकें सहा इंचांचीं घेतलीं. लहान चाक फटींत बसतें, मोठें तीवरून जातें. गाडीवानास हें सांगावयास नको. परंतु मोठीं चाकें यंत्राखालीं लावलीं तर यंत्र तितकें उंच होतें व तोल पुन्हां बिघडतो. म्हणून चाकें चौकटीखालीं न लावतां तिच्या बाहेरच्या अंगास लावलीं. मागल्या दोन चाकांचा आंस चॅनेलच्या मधोमध ओंवला. त्यामुळें चौकटीचें बूड जमिनीपासून केवळ एक इंच वर राहिलें. बूड इतकें खालीं असलें म्हणजे एखादें चाक मोडलें तरी यंत्र इंचभरच खचतें, कोसळत नाहीं. पुढलीं दोन चाकें फिरणारीं हवींत, नाहीं तर यंत्र वळत नाहीं; तीं चौकटीच्या बाहेर काढलेल्या उंच कानांखालीं बसविलीं. चारहि चाकें फिरणारीं घेऊं नयेत. तसें यंत्र ढकलणाऱ्याच्या स्वाधीन राहत नाहीं, उतार असेल तिकडे जातें.

चाकाची ताकद निवडतांना एक चूक सर्रास होते. यंत्र तीनशे किलोंचें व चाकें चार, म्हणून पंचाहत्तर किलोंचें चाक पुरे, असा हिशेब करतात. चौपायी खाट अंगणांत टाकून पाहा. एक खूर बहुधा अधांतरीं असतो. यंत्राचेंहि तसेंच. कोणत्याहि क्षणीं तीन चाकांवरच भार असतो असें धरून तीनानें भागावें, म्हणजे शंभर किलो आले. आणि चाक त्याहून वरच्या ताकदीचें घ्यावें. रबरी चाक मऊ असतें पण भाराखालीं महिनोन्महिने उभें राहिलें तर एका अंगानें चपटें होतें. ओतीव लोखंडी चाक फरशी फोडतें. आम्हीं पॉलियुरेथेनचें आवरण असलेलें घेतलें. आजवर तक्रार नाहीं.

आतां पाय. चौकटीच्या चार कोंपऱ्यांस चार जाड नट वेल्ड करून त्यांतून वीस मिलिमीटरचे चार बोल्ट खालीं सोडले व प्रत्येकाच्या टोकाला चार इंची चौरस पट्टी व तिजखालीं रबर बसविलें. यंत्र जागेवर आलें कीं चारहि बोल्ट पान्यानें आळीपाळीनें पिळावे. चाक बोटानें फिरूं लागलें, म्हणजे भार चाकावरून पायावर आला असें समजावें. मग वरचा दुसरा नट आंवळून बोल्ट जागच्या जागीं जखडावा. जमीन उंचसखल असली तरी कांहीं बिघडत नाहीं, कारण प्रत्येक पाय वेगळा खालींवर होतो. या साऱ्यास पांच मिनिटें लागतात. बाजारांत ब्रेकचीं चाकें मिळतात व विकणारा सांगतो कीं एवढ्यानें भागतें. भागत नाहीं. ब्रेकनें चाकाचें फिरणें थांबतें, पण खिळींतील लटपट थांबत नाहीं, आणि यंत्र चालूं लागलें कीं ती लटपट वाढतच जाते.

ढकलण्याची जागाहि बदलली. कुट्टीच्या माथ्यास हात लावावयाचा नाहीं, अशी आमच्या घरीं आतां सक्त ताकीद आहे. चौकटीलाच, जमिनीपासून सहा इंचांवर, बिजागरीनें एक लांब ओढदांडी बसविली आहे. माणूस उभ्यानें ओढतो, पण ओढ लागते ती खालीं, पायापाशीं. त्यामुळें चाक अडलें तरी माथा पुढें येत नाहीं, यंत्र नुसतें थांबतें. ओढणाऱ्यानें यंत्राकडे तोंड व भिंतीकडे पाठ करून मागें मागें जाऊं नये. बारा फुटांच्या पडवींत भिंत फार लवकर येते. त्यानें बाजूनें चालावें. हलविण्यापूर्वीं मोटारीची दोरी सोडवून घ्यावी, आणि पात्यांच्या चाकाला आडवी खुंटी घालून, पात्यांवर गोणपाट बांधून मगच हात लावावा. वीज बंद म्हणजे पातें बंद, ही समजूत खोटी आहे हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

फरशीबद्दल दोन शब्द. आमचा सारा खर्च चाकांवर होतो आणि खरा दोष पुष्कळदां जमिनींत असतो. मोरीजवळचे सांधे आम्हीं सिमेंटनें भरून घेतले व मोरीवर जाड पत्र्याचें झांकण बसविलें. हें आधीं केलें असतें तर तीन इंची चाकेंहि कदाचित् चाललीं असतीं. ज्यांची जमीन शेणानें सारवलेली आहे त्यांनीं चाकांच्या नादीं लागूं नये. भारानें चाक रुततें. तेथें दोन उताणे चॅनेल जमिनींत समपातळीस पुरून त्यांचे रूळ करावे व चाकें त्यांतून चालवावीं. यंत्र भिंतीपासून मध्यापर्यंत व मध्यापासून भिंतीपर्यंत एवढेंच जातें; पण लहान पडवींत त्याला जावयाचें तरी आणखी कोठें असतें? रुळांच्या दोन्ही टोंकांस अडसर मात्र विसरूं नये.

प्रत्येक यंत्रास चाकें हवींत असेंहि नाहीं. जुनें एका सिलिंडरचें इंजिन चाकांवर चढविणें हा आत्मघात आहे. त्याचा धक्का इतका असतो कीं मोकळें ठेवलेलें इंजिन चालूं केलें तर तें खरोखरीच चालूं लागतें! तें काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टनें जखडलेलेंच असावें, आणि तें बंद खोलींत चालवूं नये, कारण त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नाहीं व माणूस बसल्या जागीं जातो. आमचें इंजिन आम्हीं पडवीच्या बाहेर, छपराखालीं, ओट्यावर नेलें. पडवींत तितकी जागा मोकळी झाली. कोणापाशीं लेथ असेल तर तोहि हलवूं नये. त्याची बैठक केंसभर पिळली तरी काम तिरकें येतें, आणि प्रत्येक हालचालीनंतर पातळी पुन्हां लावीत बसावें लागतें. भोंकें पाडण्याचें उभें यंत्र काठीसारखें उंच व माथ्यास जड. त्याला भिंतीलगत जमिनींत बोल्ट ठोकून कायमचें उभें करावें. सारांश इतकाच कीं ज्याच्या कामाला सभोंवार जागा लागते तें हलतें असावें व ज्याचें काम भिंतीशीं होतें तें स्थिर असावें. हा विचार करूनच आमच्या चारांपैकीं दोन यंत्रांस, कुट्टीस व चक्कीस, चाकें राहिलीं.

जीं वर्षांतून एकदांच हलवावयाचीं त्यांना पहार व रूळ पुरेत. चार फुटी पहारीखालीं टोकापासून चार इंचांवर ठोकळा दिला तर हाताला अकरापट जोर येतो. पंचवीस किलो दाबलें कीं पावणेतीनशे किलोंची बाजू उचलते. परंतु जितकें उचलाल तितका टेकू लगेच खालीं सरकवीत चला. दोन इंच उचलून मग फळी शोधावयास जाऊं नये. टेकू सरकवितांना बोटें फळीच्या बाजूंस धरावीं, खालीं नव्हे. आणि पहार धरणाऱ्यानें ती पोटाशीं धरूं नये, कारण ठोकळा निसटला तर पहारीचें टोक बंदुकीच्या दस्त्यासारखें येतें. रुळाला जुना दोन इंची नळ चांगला. तीन नळ घ्यावे; दोन भाराखालीं, एक पुढें. सुटलेला मागला नळ पुढें आणावयाचें काम मुलांना देऊं नये.

विजेचा प्रश्न स्थिर यंत्रापेक्षां हलत्या यंत्रास अधिक घातक असतो. यंत्र हलतें तशी तार वळते, आणि वळून वळून आंतली अर्थिंगची तार आधीं तुटली तर तें कोणास कळतहि नाहीं, कारण मोटार चालूच राहते. म्हणून तार लवचीक, जाड रबराच्या आवरणाची व अर्थिंगसह घ्यावी, आणि वीज गळतांच प्रवाह तोडणारें साधन, ज्याला बाजारांत ईएलसीबी म्हणतात, तें पडवीच्या मुख्य पाटीवर बसवावें. थ्री फेजची जोडणी काढून पुन्हां लावतांना दोन तारा उलटसुलट झाल्या तर मोटार उलटी फिरते. तेव्हां कडबा घालण्यापूर्वीं क्षणभर रिकामें फिरवून दिशा पाहावी.

येथें कोणी विचारील कीं हें सारें पाहावयास सरकारी निरीक्षक कां नाहीं? याचें उत्तर कायद्यांतच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानें यंत्रशक्ति वापरणाऱ्या जागेस कारखाना म्हणण्यासाठीं दहा कामगारांची मर्यादा घातली होती. २०२० च्या संहितेनें ती वीस केली. आमच्या पडवींत एक गडी व एक पुतण्या. १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा शेतीच्या यंत्रांकरितांच झाला व त्याचा रोख मुख्यतः मळणीयंत्रांवर होता. पण तो कायदाहि मुख्यतः यंत्र कसें घडवावें व विकावें हें पाहतो, तें कोणाच्या पडवींत कोणत्या चाकांवर उभें आहे हें पाहावयास येत नाहीं. निरीक्षक आमच्या दारीं यावा असें आम्ही म्हणतहि नाहीं. नोकरींत असतांना निरीक्षणें किती व कशीं होतात तें आम्हीं पाहिलें आहे. पण मग ज्याच्या पडवींत यंत्र आहे तोच तेथला निरीक्षक, आणि जो तें रोज ढकलतो त्याचें म्हणणें ऐकून घेणें ही त्या निरीक्षकाची पहिली नोंद.

आमच्या संस्थेनें एक गोष्ट करावी. संस्था सभासदांना पेरणीचीं व फवारणीचीं अवजारें भाड्यानें देते; त्यांतच एक साखळीची कप्पी, ती टांगावयास नळांची तिवई, दोन चांगल्या पहारी, तीन रूळ व एक हातानें दाबून उचलावयाचा हायड्रॉलिक जॅक इतकें सामान ठेवावें. वर्षांतून एकदां लागणाऱ्या या वस्तु प्रत्येकानें विकत घेणें परवडत नाहीं, आणि म्हणूनच त्या कोणापाशीं नसतात व माणसें हातांनीं उचलावयास जातात. खर्चाची हरकत येईल हें आम्ही जाणतों. आमच्या घरच्या एका पावलास जें औषधपाणी लागलें तेवढ्या पैशांत आम्हीं केलेल्या चौकटीसारख्या तीन चौकटी झाल्या असत्या. गड्याची तीन महिन्यांची मजुरी आम्हीं यांत धरलेली नाहीं. हा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेपुढें लेखी मांडणार आहों.

चौकटीचीं मापें वर दिलींच आहेत. तरीहि ज्यांस ती प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्या सभासदांनीं सकाळीं सातच्या सुमारास आमच्या पडवींत यावें. त्या वेळीं कुट्टी चालू असते. ती मध्यें आणून पायांवर उभी करण्याचें काम आमचा गडीच करतो. तो अद्याप किंचित् लंगडतो. बोल्ट किती पिळावा हें तो आमच्यापेक्षां चांगलें सांगेल.